जाळ्यात आलेला टेकू

५ ऑक्टोबर

चि. ठोंब्यास अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. पाच ओळींच्या पत्रात 'बाकी ठीक' तू दोनदा लिहिलंस. बाकी ठीक आहे हे समजलं, पण ज्याची ही बाकी, ते कुठे आहे? लाकडात राहून माणूस लाकूड होतो म्हणतात ते खोटं नाही.

इकडे धक्क्यावर सध्या आमच्याकडे बघून सगळ्यांच्या भुवया वर गेलेल्या आहेत. ह्यांना समुद्रात एक जागा सापडली आहे. गेल्या वर्षापर्यंत तिथे जाळं टाकलं तर शेवाळ यायचं, आणि आता जाळं वर घेताना कप्पी कण्हते. बाकीच्या होड्या टोपलीभर बारीकसारीक घेऊन परततात आणि आमची होडी पाण्यात बुडेल इतकी भरून. बर्फाच्या कारखान्यातला माणूस एरवी माझ्याशी धड बोलत नाही, तो परवा माझ्या तब्येतीची चौकशी करत होता. जागा कुठे, हे ह्यांनी मलाही सांगितलेलं नाही. म्हणतात, मासळीची जागा आणि दुखरा दात जगाला दाखवत हिंडायचं नसतं. मी विचारलं, मासळी आत्ताच तिथे का गोळा झाली? तर म्हणे मासळीला कोण विचारणार. पण माझं तुला माहीत आहे. माझ्या पोटात एक वेळ अन्न राहणार नाही, पण प्रश्न राहतो आणि टोचत बसतो.

आता खरी गोष्ट. त्या जागी जाळ्यात एक लाकूड आलं. आठवड्याने तसंच दुसरं. माणसाच्या उंचीचं, मांडीएवढं जाड, काळंकुट्ट. एका टोकाला खाच आहे. डोलकाठी नाही, वल्हं नाही, धक्क्याचा खांबही नाही. शिवाय समुद्रात लाकूड पडलं की वर्षाच्या आत किडा त्याची चाळण करतो. म्हणून तर आम्ही दर वर्षी होडीचा तळ खरवडून रंगवतो. ह्या लाकडाला भोकं जेमतेम चार-दोन. म्हणजे ते पाण्यात नुकतंच पडलेलं. पण दिसायला असं, की आपल्या पणजोबांनी पाहिलेलं असावं. मग जुनं म्हणायचं की नवं? धक्क्यावर जितकी तोंडं तितके निकाल लागले. हे त्याचं सरपण करायला निघाले होते, मी ते जाळ्यांच्या ढिगाखाली लपवलं. सुताराकडून त्याची एक चकती कापून घेतली आहे, ती ह्या पत्राबरोबर पाठवते. खाचेचं चित्रही काढलं आहे. हसू नकोस.

उंद्याचं पत्र नाही. खाण तशी समोरच, खाडीपलीकडच्या किनाऱ्यावर, बसने वळसा घालून अर्ध्या दिवसावर, पण आपला धाकटा जणू चंद्रावर कोळसा खणायला गेला आहे.

माया आहे तशीच आहे, पत्राची लांबी मात्र वाढव.

तुझी ताई


१६ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

चकती मिळाली. पुडक्याला मासळीचा असा वास होता, की टपालाच्या गाडीमागे आमच्या लाकूडतोडीच्या तळावरचं मांजर धावलं. तू लांब लिही म्हणालीस, म्हणून लिहितो.

चकती तासून पाहिली. काळेपणा वरवरचा आहे, बोटाच्या पेराएवढाही आत गेलेला नाही. आत लाकूड पिवळं आहे आणि अजून त्याला राळेचा वास येतो. पाइन आहे. वर्तुळं इतकी दाट आहेत, की मोजताना डोळे दुखले. असं झाड थंड उतारावर सावकाश वाढतं, म्हणजे आमच्या डोंगरासारख्या डोंगरावर. वरचा काळा थर पांढऱ्या कागदावर घासला. शेवाळाचा नाही, चिखलाचा नाही. कोळशाची भुकटी आहे, लाकडात मुरलेली.

तुझ्या चित्राला मी हसलो नाही. त्या खाचेत आडवी तुळई बसते. तुझं लाकूड म्हणजे खाणीतला टेकू आहे. कोळसा काढून घेतला की वरचं छत खाली येऊ पाहतं, त्याला हे धरून ठेवतात. आमच्या तळावरचं निम्म्याहून जास्त लाकूड ह्याच कामाला जातं. लोखंडापेक्षा पाइन बरं, असं जुनी माणसं म्हणतात. लोखंड न बोलता वाकतं. पाइन मोडण्याआधी करकरतं, आणि तेवढ्यात माणसाला पळता येतं.

पण आम्ही आता खाच यंत्राच्या करवतीने पाडतो, ती सपाट येते. तुझी खाच कुऱ्हाडीची आहे. आमच्याकडे करवतींना धार लावणारे एक म्हातारबाबा आहेत, त्यांना चित्र दाखवलं. ते म्हणाले, कुऱ्हाडीच्या खाचेचे टेकू जुन्या खाणीला जायचे. उंद्याच्या खाणीशेजारची ती जुनी खाण. ती तर तुझ्या जन्माआधीच बंद पडली.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की लाकूड जुनंही आहे आणि नवंही. खाणीत जुनं, समुद्रात नवं. बंद खाणीतून ते समुद्रात कसं आलं, ह्याचा विचार करत काल करवत चालवत होतो, तर पाय थोडक्यात वाचला. मला एकच रस्ता सुचतो आणि तो मला आवडलेला नाही. तू उंद्याला विचार. मीही लिहिलं आहे, पण तो माझी पत्रं उशाला घेऊन झोपतो. तुझी वाचतो.

बाकी ठीक. ह्या वेळी बाकीच्या आधीचं लिहिलं आहे.

लोभ कमी होऊ देऊ नये.

तुझा ठोंब्या


२२ ऑक्टोबर

चि. उंद्यास अ. उ. आ.

जिवंत असशील असं धरून लिहिते. लहानपणी अंगणात बिळं खणायचास म्हणून तुला उंदीर नाव पडलं, पण उंदीरसुद्धा अधूनमधून बिळाबाहेर तोंड काढतो.

सोबत ठोंब्याच्या पत्राची नक्कल आहे, ती आधी वाच. मग मला सांग. तुमची खाण समुद्राखाली कुठवर जाते? आमच्या होड्या वरून जातात तेव्हा तुम्हाला इंजिनाचा आवाज येतो, असं लोक म्हणतात ते खरं का? जुनी खाण तुमच्यापासून किती लांब आणि मध्ये काय आहे? तिच्यात आता हवा आहे की पाणी? आणि ते पाणी कुणी चाखून पाहिलं आहे का?

एवढे प्रश्न एका दमात विचारले म्हणून चिडू नकोस. ह्यांनाही विचारत होते, तर ते जाळं शिवता शिवता उठून गेले. आमच्या घरात प्रश्नांना बसायला पाट नाही. मला हे कोडं सोडवायची हौस आहेच, पण खोटं कशाला बोलू, काल भात वाढताना एकदम तुझी आठवण आली आणि हात थांबला.

जेवतोस ना नीट? तुमच्या मुकादमांच्या मुलीबद्दल ठोंब्याने काहीतरी अर्धवट लिहिलं होतं. तेही पूर्ण कर.

माझं प्रेम गृहीत धर, उत्तर मात्र मी गृहीत धरणार नाही.

ताई


३० ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

घे, बिळाबाहेर तोंड काढलं.

तुझे प्रश्न क्रमाने घेतो, नाहीतर तू बसने येऊन कान धरशील. आमचा खालचा भाग समुद्राखाली पार बाहेर गेलेला आहे. लिफ्टच्या पिंजऱ्यातून उतरलं की पुढे बरंच चालावं लागतं, आणि चालताना आपण मासळीच्या तळघरातून जातोय असं मला नेहमी वाटतं. इंजिनाचा आवाज येत नाही. ती नव्या माणसांना सांगायची थाप आहे, मीसुद्धा सांगतो. जुनी खाण आमच्या उजव्या हाताला. मध्ये कोळशाची जाड भिंत मुद्दाम ठेवलेली आहे. जुन्या खाणीत पाणी साठलेलं आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाझराचं पाणी, वर्षानुवर्षं मुरलेलं. ते तिकडे निवांत, आम्ही इकडे निवांत.

ठोंब्यादादाचं पत्र मी मुकादमांना वाचून दाखवलं. ते पोट धरून हसले. म्हणाले, लाकूड वाहून नेणाऱ्या एखाद्या जहाजावरून पडलं असेल, तुझ्या घरच्यांना कामं कमी दिसतात. मलाही पटलं. पण तू लिहिलेलं एक वाक्य डोक्यातून जाईना, ते चाखण्याचं. भिंत एका ठिकाणी आधीपासून पाझरते. काल कुणी बघत नाही असं पाहून बोट लावलं आणि चाटलं.

ताई, खारट आहे. पाझराचं पाणी मचूळ असतं, हे मला माहीत आहे. हे तसलं नव्हतं. लहानपणी तू मला धक्क्यावरून ढकललं होतंस तेव्हा नाकातोंडात गेलं होतं, ते हे पाणी.

मग मला एक युक्ती सुचली. तू भरती-ओहोटीच्या वेळा पाठव, पुढच्या पंधरवड्याच्या. का ते नंतर सांगतो. फसलं तर तू हसशील.

मुकादमांची मुलगी दिव्यांच्या खोलीत काम करते. पाळीवर जाणाऱ्या प्रत्येकाला दिवा देते आणि वर आला की परत घेते. मला देताना आधी काच पुसते. बाकीच्यांची पुसत नाही. एवढंच आहे, पण मला पुरेसं वाटतं. तिच्या वडिलांशी बोलायला धीर गोळा करतो आहे.

आशीर्वाद चालू ठेव, कान धरणं बंद ठेव.

उंद्या


४ नोव्हेंबर

चि. उंद्यास अ. उ. आ.

वेळा सोबत आहेत. युक्ती काय ते मी ओळखलं आहे. तू भिंतीची नाडी बघणार आहेस. हसत नाही.

एक ध्यानात ठेव, अमावास्येच्या सुमाराला उधाणाची भरती असते, तेव्हा पाणी नेहमीपेक्षा बरंच चढतं. त्या दिवशी खास बघ. आणि बघून झालं की तिथे रेंगाळू नकोस.

आणखी एक. मासळी तिथे का जमली असेल, हे मी धक्क्यावरच्या सगळ्यात जुन्या नावाड्याला आडवळणाने विचारलं. तो म्हणाला, सपाट तळावर कुठे खड्डा पडला, की मासळी आडोशाला येते. बुडालेली जहाजं असतात तिथे म्हणूनच जाळी भरतात. तिथे जहाज बुडाल्याचं कुणाला आठवत नाही.

मी ह्यांना हे सांगितलं. हे ऐकून घेत होते, पण चेहरा असा, जसं मी त्यांचंच जाळं कापायला निघाले आहे. यंदा पहिल्यांदा आपण कुणापुढे हात न पसरता होडीचं नवं इंजिन बसवू शकू, एवढंच म्हणाले. मला राग आला नाही. खरंच आहे ते.

दिव्याची काच पुसणारी मला आवडली.

जपून राहा, मग बाकीचं प्रेम आपोआप पोचेल.

ताई


१७ नोव्हेंबर

ती. ताईस व ती. दादास, दोघांना एकच पत्र, सा. न. वि. वि.

दोनदा लिहायचं बळ नाही, म्हणून कार्बन घालून लिहितो, मजकूर तोच आणि पाकिटं दोन.

पाझराखाली मी डब्याचं झाकण ठेवत होतो. ओहोटीला जेवण होईपर्यंतही भरत नाही. भरतीला दोन घास खाल्ले की वाहू लागतं. रोज असंच. उधाणाच्या दिवशी थेंब राहिलाच नाही, धार होती, सुतळीएवढी. जुनी खाण वरून फुटलेली आहे. तिचं छत बसलं, समुद्राचा तळ खचला, तिथून ताईला मिळालेले टेकू वर निघाले आणि समुद्र आत शिरला. भिंतीपलीकडे आता साठलेलं पाणी नाही, अख्खा समुद्र आहे. मध्ये फक्त कोळसा.

मी मुकादमांना घेऊन गेलो. त्यांनी चाखलं, थुंकले, बराच वेळ भिंतीवर तळवा ठेवून उभे राहिले. त्यांना समजलं, हे मला दिसलं. मग म्हणाले, ही भिंत मी कामाला लागलो तेव्हापासून रडते आहे. वर सांगशील तर खालचा भाग बंद करतील. कोळसा राहिलाय तो फक्त खालच्या भागात. म्हणजे खाण बंद. वस्तीतल्या प्रत्येक चुलीत पाणी ओतायचं पुण्य तुला हवं आहे का, असं विचारलं. जो माणूस पंगतीतली पानं उलथतो त्याला मुलगी देणार नाही, असंही म्हणाले. मी अजून मागितलीही नव्हती.

ते वाईट नाहीत. छत कोसळलं होतं तेव्हा ह्याच माणसाने दोघांना पाठीवर घेऊन बाहेर काढलं होतं. म्हणून तर मला काही सुचत नाही.

दिव्यांच्या खोलीत जाऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, पाळी सुटली की ती परत आलेले दिवे मोजते, आणि एक जरी उशिरा आला तरी पुन्हा पहिल्यापासून मोजते. तू सांग, नाहीतर मी सांगते, म्हणाली.

पण दादा, खाण बंद झाली तर तुझ्या तळाचं लाकूड कोण घेणार? आणि ताई, तुमच्या जागेचा बोभाटा होईल, भाऊजी माझं तोंड बघणार नाहीत. मी एकटा असतो तर कधीच बोललो असतो. तुम्ही दोघं मोठे आहात. काय करू?

उंद्या


२३ नोव्हेंबर

चि. उंद्यास अ. उ. आ.

तुझं पत्र मी झाडाखाली बसून वाचलं आणि मग काम न करता बसून राहिलो. ठेकेदार दोनदा येऊन बघून गेला.

माझ्या पोटाचं विचारतोस. तळाचं काम बंद पडेल, ह्यात शंका नाही. इथे कुणाकुणाची पोरं शाळेत आहेत, म्हातारबाबांना दुसरीकडे कोण ठेवणार, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. फुकाचा धीर देत नाही.

तरी एक सांगतो. झाड पडायला लागलं की मी ओरडतो. खाली कोण उभा आहे, त्याचं माझ्याशी बरं आहे की नाही, झाड पडल्यावर मला दुसरं काम मिळेल की नाही, हे बघून मी ओरडत नाही. आधी ओरडतो. उशिरा ओरडलेला माणूस मी पाहिला आहे. तो अजून जिवंत आहे, पण त्याच्याशी बोलताना लोक जमिनीकडे बघतात.

तू विचारायला नको होतंस. ओरडायला हवं होतंस. पण विचारलंस म्हणून बरंही वाटलं.

पत्र मिळताच वर जाऊन सांग.

तुझाच,
दादा


२ डिसेंबर

चि. ठोंब्यास अ. उ. आ.

किती लिहू आणि किती नको, असं झालं आहे.

आपला उंद्या तुझं पत्र खिशात घालून सरळ खाणीच्या कचेरीत गेला. तिथे खाणीची मोजणी करणाऱ्या इंजिनीअर बाई आहेत, वयाने त्याच्याहून फार मोठ्या नसतील. त्यांनी त्याचं सगळं ऐकलं आणि उलट इतके प्रश्न विचारले, की उंद्या म्हणतो, ताई, तुझी जुळी बहीण कुणीतरी खाणीत आणून ठेवली आहे. जुन्या खाणीचा नकाशा त्यांनी काढला. त्याप्रमाणे जुनं काम आमच्या जागेपर्यंत पोचतच नाही. बाई म्हणाल्या, नकाशाला विचारून उपयोग नाही, समुद्रालाच विचारायला हवं. दुसऱ्या दिवशी उंद्याला घेऊन आमच्या दारात हजर.

आता जागा फक्त ह्यांना ठाऊक. बाईंनी विचारलं. हे गप्प. मी चहा ठेवला, तो झाला, कप रिकामे झाले, तरी गप्प. शेजारच्या दोन होड्यांची माणसं उगाच आमच्या ओट्याशी दोर गुंडाळत उभी. मला वाटलं, आता माझ्याच तोंडून काहीतरी वाईट निघणार. तेवढ्यात ह्यांनी उंद्याकडे पाहिलं आणि विचारलं, तू रोज ह्याच्या खाली असतोस का? तो हो म्हणाला. हे उठले, चप्पल घातली आणि म्हणाले, ओहोटी आहे तोवर निघू.

मीही गेले. बाईंना होडी लागली, त्यांनी कठड्यावरून ओकता ओकता वही सांभाळली, आणि तोंड पुसून पुन्हा विचारत राहिल्या. ह्यांनी शिशाचं वजन लावलेली दोरी सोडली. भोवताली कुठेही सोडली तर तळ लागत होता, दोरीची निम्मी वेटोळी होडीतच राहायची. मग ह्यांनी होडी जराशी पुढे घेतली आणि पुन्हा सोडली. दोरी जात राहिली. वेटोळी सुटत सुटत संपली आणि टोक ह्यांच्या हाताला हिसका देऊन ताठ झालं. तळ नव्हताच.  उंद्या खाली पाण्याकडे बघत होता. इतकं निळं, शांत पाणी होतं, आणि त्याचा चेहरा मात्र पांढरा.

बाईंनी परत गेल्या गेल्या खालच्या भागातली सगळी माणसं वर काढली. भिंतीची परीक्षा होईपर्यंत काम बंद. पंपांवर देखरेखीला चौघं-पाचजण जातात, तेसुद्धा ओहोटीलाच, असा नियम केला आहे. त्यात आपल्या महाशयांनी स्वतःहून नाव दिलं आहे.

धक्क्यावर आता सगळ्यांना जागा समजली. परवा तिथे होड्यांची जत्रा होती. ह्यांनी आपली होडी नेली नाही.

तुझ्या पोटावर पाय आला, हे मला टोचतं आहे. इकडे ये. होडीवर माणूस लागतोच. तू ओकशील, पण चालेल.

ताई


१९ डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तळावरच्या करवती तेल लावून टांगल्या आहेत. खाणीने लाकूड घेणं थांबवलं, म्हणून आमचंही थांबलं. बरीच माणसं गेली. म्हातारबाबा आहेत, मी आहे आणि मांजर आहे. ठेकेदाराला समजलं आहे की हे कुणाच्या घरातून सुरू झालं. तो फक्त माझ्याकडे बघून उसासा टाकतो. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

उंद्या लिहितो, की नळावर पाण्याला गेला तर लोक पाठ फिरवतात. भिंत अजून उभी आहे. मुकादम सगळ्यांना सांगत फिरतात, की ती आपल्या नातवंडांच्या काळातही उभी असेल. वरिष्ठांकडे अर्ज गेला आहे आणि काम पुन्हा सुरू होईल, अशी बोलवा आहे.

खरं सांगू? दुपारी उद्योग नसतो, तेव्हा मनात येतं, भिंत खरंच उभी राहिली तर? आपण एका चकतीवरून इतक्या माणसांच्या हातचं काम काढून घेतलं, असं झालं तर? आणि मग लगेच वाटतं, म्हणजे ती पडावी अशी मी इच्छा करतो आहे का? तसंही नाही. हे असलं काही मला आधी कधी सुचत नव्हतं. तुझ्या प्रश्नांची लागण झाली बहुतेक.

होडीवर यायचं बघतो. आधी म्हातारबाबांची सोय लावू दे.

माझी आठवण काढत जा.

ठोंब्या


२३ डिसेंबर

चि. ठोंब्यास,

घाईत लिहिते. आज सकाळी भरती चढत असताना त्या जागेवरचं पाणी फिरू लागलं. दोन होड्या तिथे होत्या, त्या जाळी कापून निसटल्या. त्यांतल्या माणसांनी सांगितलं, आधी पाण्याला खळगा पडला, मग भोवरा झाला, आणि जाळं तरंगतं ठेवणारी लाकडी बोंडं एकेक करून आत गेली. धक्क्यावर आम्हाला फक्त पाखरांची झुंबड दिसली. पाणी आत्ता काळपट आहे.

उंद्याची काही बातमी नाही. खाणीकडचा फोन लागत नाही. नियम ओहोटीचा आहे, मला माहीत आहे. पण तो उंद्या आहे, नियमापेक्षा थोडा जास्तच थांबणारा. हे बसने निघाले आहेत. मला येऊ दिलं नाही, निरोप आला तर घरी कुणी हवं म्हणून.

मी प्रश्न विचारला नसता तर तो आज पंपांवर गेलाच नसता, असंही मनात येतं, आणि मग लगेच उलटंही येतं.

ताई


२६ डिसेंबर

ती. ताईस व ती. दादास सा. न. वि. वि.

भाऊजींनी तार केली आहे, म्हणजे मी आहे हे तुम्हाला समजलेलं आहे. आता मी हे टेबलाशी बसून नीट लिहितो. भाऊजी बाजूच्या खाटेवर घोरत आहेत. मला पाहिलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, की ताईने डबा दिला आहे, आधी खा.

त्या सकाळी आम्ही पंपांवरून वर आलो, दिवे परत केले आणि हात धूत होतो. मला खरंच आणखी थांबायचं होतं, एक झडप नीट बसत नव्हती. पण ताई, तू दर पंधरवड्याला पाठवतेस त्या भरती-ओहोटीच्या वेळा दिव्यांच्या खोलीत भिंतीवर चिकटवलेल्या असतात आणि खाली जाणाऱ्या प्रत्येकाकडून ती परतायची वेळ वदवून घेते. तिला उशीर चालत नाही, म्हणून आलो.

आधी वारा आला. खाणीच्या तोंडातून, खालून वर. पिंजऱ्याचे दोर झुलायला लागले, पत्रे फडफडले, कचेरीतले कागद अंगणात उडाले. मग आवाज आला. तो मला सांगता येत नाही. कानांनी ऐकू येण्याआधी पायांना समजला. सगळी वस्ती बाहेर आली आणि खाणीच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. दुपारपर्यंत आत पाणी दिसू लागलं, अगदी वर, हात लांबवला तर लागेल असं. त्यावर टेकू तरंगत होते, दादा, तुमच्या तळाचे, सपाट खाचेचे. पिवळेधमक.

कुणी रडलं नाही, कुणी माझं कौतुकही केलं नाही. ज्यांच्या हातचं काम गेलं होतं, ते आता कायमचं गेलं. बायका हळूहळू घरात गेल्या. इंजिनीअर बाई पायरीवर बसून होत्या, त्यांना कुणीतरी चहा आणून दिला. पुढे काय, ते अजून ठरलेलं नाही. वरच्या भागातून थोडा कोळसा काढता येईल का, हे बाई बघणार आहेत. नाहीतर मी धक्क्यावर येतो. दादा, तूही ये. दोघं मिळून ओकू.

संध्याकाळी मुकादम माझ्या खोलीवर आले. काम बंद झाल्यापासून ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते, समोरून आलो तर रस्ता बदलायचे. मी उठून खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही. दारातच उभे राहिले, चौकटीला धरून. मला वाटलं, आता शिव्या देतील, आणि मनाची तयारी केली. भाऊजीही ताठ होऊन बसले.

मुकादम म्हणाले, "काम चालू असतं, तर आज सकाळी खालची पाळी माझी होती."

  मग त्यांनी खुर्ची ओढली, बसले, आणि मला विचारलं, की तुझ्याकडे वडीलधारं कोण आहे, बोलणी कुणाशी करायची. मी ताईचं नाव सांगितलं. भाऊजींनी मध्येच त्यांना सांगून ठेवलं, की तिच्याकडे जाताना वेळ काढून जा, ती खूप विचारते.

तेव्हा ताई, ते येत्या रविवारी तुझ्याकडे येत आहेत. तुला जे काय विचारायचं असेल ते विचार.

दोघांचा लोभ मला पुरून उरला आहे, तरी थांबवू नये.

तुमचा
उंद्या